चुकलं माझं



पौषी पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. खांबलिंगेश्वराचं दर्शन, बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं. आमच्या शहापूरहून ती काही लांब नाही. तरी लागोपाठ तीन वर्षं मी मुलाला ‘नेतो’ म्हणालो आणि नेलं नाही. पहाटे आसनगावहून लोकल पकडायची, मुंबईत ड्युटी करायची आणि रात्री परतायचं, तेव्हा सबब कायम खिशात. बरं, ती खोटीही नव्हती.

गेल्या वर्षी त्याच्या दप्तरात गणिताचा पेपर सापडला. चाळीसपैकी नऊ. खाली माझी सही, त्याने केलेली! माझा हात उठला. “खोटेपणा कुठून शिकलास?” पोरगा रडला नाही. एवढंच म्हणाला, “बाबा, तुमी पण बोललेले, म्हशाला नेतो.”

त्या रात्री जेवण गेलं नाही.

माझ्या वडिलांनी मला मारलं की दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवरून भज्यांची पुडी यायची. माफी ती तेवढीच. तोंडाने ‘चुकलं’ म्हणणारा बाप मी तरी आमच्या आळीत पाहिला नाही. वचक जाईल ना!

शब्द जपून देणारा बाप मात्र जवळच होता. आमच्या शेजारच्या वाडीतली कातकरी कुटुंबं उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. तिथला एक बाप पोराला आजीपाशी ठेवून निघताना म्हणाला होता, “पावसाच्या आधी येईन.” तारीख त्याच्या हातात नव्हती, म्हणून त्याने ती दिलीच नाही. जेवढं जमणार तेवढंच बोलला, आणि आला. मला हे चाळिशीत कळलं.

सकाळी निघण्याआधी मी पोराला उठवलं. म्हटलं, “हात उगारला, चुकलं माझं. जत्रेचंही चुकलं. पण सही तू केलीस, ते तुझं चुकलं.” तो अर्धवट झोपेत होता. ऐकलं की नाही, कोण जाणे. पण पुढचा पेपर त्याने स्वतः आणून दाखवला. चाळीसपैकी अकरा. मी निमूट सही केली. ओठांवर आलेलं गिळलं, हे मात्र कबूल करतो.

यंदा पौर्णिमेला रजा मिळाली नाही. ते मी त्याला आठवडाभर आधीच सांगितलं. तो दोन दिवस फुगून बसला. जत्रा पुढेही चालते, म्हणून सुट्टीच्या दिवशी शहापूरहून मुरबाड आणि तिथून म्हसा असे एसटीने गेलो. त्याला बैल बघायचे होते. मी आईसाठी घोंगडी घेतली.

आता घरी यायची वेळ सांगताना मी कसारा लोकलचा उशीर धरूनच सांगतो.