फाटकाखालची माती
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



शाळेत असताना मी या स्टेजवर चढायचो ते फक्त खुर्च्या मांडायला. आज माइक हातात दिला आहे तो एका भानगडीमुळे. आपल्या बॅचनं शाळेला रिमोटनं चालणारं सरकतं गेट द्यायचं ठरवलं, आणि त्याचं अंदाजपत्रक मी दिलं. ते ग्रुपवर टाकल्यापासून मला तीन फोन आले. तिघांचा प्रश्न एकच, "अरे बाप्पा, गेटपेक्षा खड्ड्याचे पैसे जास्त कसे?" एकानं तर फार प्रेमानं विचारलं, "एखादं शून्य जास्त पडलं का रे?" शून्य जास्त पडलेलं नाही. कसं नाही, ते समितीनं दिलेल्या वेळात सांगतो.

आपलं जुनं फाटक आठवतं? लोखंडी, दोन पल्ल्यांचं. उन्हाळ्यात बोटानं ढकललं तरी उघडायचं. श्रावणात मात्र उजवा पल्ला जमिनीला टेकायचा आणि शिपाईकाका सब्बल लावून तो उचलायचे. उशिरा येणाऱ्या पोरांसाठी तो सुगीचा काळ, कारण फाटक लागायचंच नाही. त्यात मीही होतो. फाटक जुनं झालं, गंजलं, असं आपण समजत होतो. खरं तर फाटक जागच्या जागी होतं, खालची जमीन हलत होती.

हे आपल्याला आठवीत शिकवलं होतं. भूगोलाच्या बाईंनी प्रयोगशाळेतून काचेच्या दोन नळ्या आणल्या. शाळेमागच्या वावरातली काळी माती वाळवून, चाळून दोन्हींत सारखीच घातली. एकीत पाणी ओतलं, दुसरीत रॉकेल. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली माती होती तेवढीच होती. पाण्यातली फुगून कितीतरी वर आली होती. पुढे मला कळलं की माती तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही हीच परीक्षा घेतात. १० ग्रॅम माती, एका नळीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि २४ तास थांबायचं. पाण्यातली माती रॉकेलातल्या मातीच्या दुप्पट भरली, तर त्या जमिनीवर काही बांधताना दहादा विचार करावा.

कारण साधं आहे. पवनारला धामच्या पात्रात जे काळे खडक आपण सहलीत पाहिले, तो बेसाल्ट. त्याची झीज होऊन ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाईट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात. पानांमध्ये पाणी शिरलं की वही फुगते, वाळली की बसते. रॉकेल त्या पानांत शिरत नाही. म्हणून मृगाच्या पावसानंतर आपली जमीन वर येते, आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत आपल्या किती गोट्या गेल्या, त्याचा हिशेब कुणाकडे नाही.

या मातीला मी नावं ठेवत नाही. ती पाणी धरून ठेवते म्हणून तर पावसाळा संपल्यावरही कोरडवाहू हरभरा येतो, पऱ्हाटी तग धरते. आपल्यापैकी बहुतेकांची फी याच मातीनं भरली. पण जो गुण पऱ्हाटीला लागतो, तोच खांबाला सोसत नाही. आता वर्ध्याच्या चारही बाजूंना वावरांचे लेआउट झाले. वावर गेलं, माती तीच राहिली.

मी आयटीआय करून वेल्डिंगचं दुकान टाकलं. आधी वखर, डवरे, बंडीचे आख, मग ग्रील, शटर, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं मोटरची गेटं. सुरुवातीचं एक गेट मी बसवलं ते आपल्या त्याच भूगोलाच्या बाईंच्या घरी. नव्या लेआउटमधलं घर. बाई आणि काका दोघंच, मुलगा बाहेरगावी. फाटक ढकलणं होत नाही म्हणून मोटर हवी होती. आपल्या बाईंचं काम म्हणून मी मजुरीही कमी घेतली आणि फार खूश झालो.

पहिल्याच पावसाळ्यात गेट अडखळलं. सरकतं गेट खालच्या रुळावर चाकांनी चालतं. त्याच्या बुडाशी दातेरी पट्टी असते आणि मोटरला दातेरी चाक. दोघांच्या दातांमध्ये दीड-दोन मिलिमीटर फट लागते. मोटरचा ओटा फुगून तेवढा वर आला, की फट संपते आणि गेटाचं वजन रुळावरून उतरून मोटरच्या चाकावर येतं. ही मोटर गेट ओढायला केलेली असते, ते डोक्यावर घ्यायला नाही. पण हे मी पाहिलंच नाही. मी पेटी उघडली आणि मोटरचा जोर वाढवला.

हे चूक होतं, आणि धोक्याचंही. गेटाच्या वाटेत पोरगं, गाय, गाडी काहीही आलं तर मोटरनं थांबून मागं फिरावं, म्हणून तो जोर कमी ठेवलेला असतो. दुसऱ्या वर्षी खांब कलले. समोरासमोरचे दोन सेन्सर एकमेकांना दिसेनात, त्यामुळे गेट बंद होईना. मी सेन्सरच्या तारा जोडून टाकल्या. गेट चालू झालं. बाईंनी चहा दिला. मी एक आंधळं आणि दांडगं गेट मागं सोडून घरी गेलो.

तीन पावसाळ्यांत दोन मोटरी जळाल्या. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमधल्या एका रात्री काकांच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स दारात आली. गेट वीतभर उघडलं आणि अडकलं. मोटर नुसती गुणगुणत होती. अशा वेळी मोटर सोडवून गेट हातानं ढकलता यावं, म्हणून एक चावी असते. ती माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये होती. मागच्या दुरुस्तीच्या वेळी खिशात राहिली आणि "नेऊन देऊ कधीतरी" म्हणून पडून राहिली. शेजाऱ्यांनी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, भर पावसात, कंपाऊंडच्या भिंतीवरून पलीकडे उतरवलं.

काका दहा दिवसांनी घरी आले. ते आले म्हणून मी आज हे सांगू शकतो.

मी तोंड लपवतच त्यांच्याकडे गेलो. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मोटर दोनदा बदललीस. खालची माती एकदा तरी पाहिलीस का?"

दुसऱ्या दिवशी मी खांबाशेजारी खणलं. पाया दोन फूट. सगळाच्या सगळा काळ्या मातीत. गच्चीच्या पाण्याचा पाईप बरोबर त्याच खांबाच्या मागे सुटत होता, आणि शेजारी बाईंची मोगऱ्याची बाग, रोज पाणी. दुसऱ्या खांबाजवळ मोठा कडुनिंब, तो मुळांनी ओल ओढून घेत होता. म्हणजे एक खांब पाणी पीत होता आणि दुसरा उपाशी होता. आख्खी जमीन सारखीच वर-खाली झाली असती तर आपल्याला कळलंही नसतं. भांडण होतं ते सारखी न होण्यामुळे.

मग मी पहिल्यांदा नीट दुरुस्ती केली, आणि तिचा क्रम कायमचा शिकलो. आधी मोटर सोडवली. गेट हातानं ढकलून पाहिलं. हातानं जड जात असेल तर दोष मोटरचा नाही, मोटरला हात लावायचा नाही. मग ओळंब्यानं खांब पाहिले आणि पाण्याच्या नळीनं रूळ आणि मोटरचा ओटा एका पातळीत आहेत का ते पाहिलं. मग पाणी बंद केलं. गच्चीचा पाईप नालीपर्यंत नेला, मोगरा हलवला, गेटासमोर बाहेरच्या बाजूला उतार दिला. आणि तो पावसाळा गेट हातानंच चालू दिलं. जमीन फुगलेली असताना केलेली दुरुस्ती उन्हाळ्यात पुन्हा वाकडी होते.

फेब्रुवारीत पायाला हात घातला. आपल्याकडच्या अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं फार पूर्वीच एक पाया तयार केला आहे. जमिनीत गोल भोक घ्यायचं आणि तळाशी ते कंदासारखं रुंद करायचं. भोक एक फुटाचं असेल तर कंद अडीच फुटांचा. खोली साधारण साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट, कारण तिथवर पाऊस-उन्हाचा फेरा फारसा पोहोचत नाही. वरची माती खांबाला उचलू पाहते, खालचा कंद त्याला धरून ठेवतो. दोन्ही खांबांखाली असे पाये घेतले, त्यांना वरून एक बीम जोडला, आणि रूळ व मोटर दोन्ही त्याच बीमवर बसवले. बीम आणि माती यांच्यामध्ये तीन-चार इंच पोकळी ठेवली. माती फुगू दे, तिला फुगायला जागा आहे. मातीला दाबून आपण जिंकत नाही, तिला वाट करून द्यावी लागते.

दुसराही मार्ग आहे. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवलं की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा, आपल्याकडच्या काही मुरमासारख्या मातीचा, चांगला ठोकलेला जाड थर दिला की खालचं फुगणं आटोक्यात येतं. कालव्यांसाठी ही पद्धत वापरली गेली. आवारातल्या रस्त्यासाठी ती बरी. नुसती रेती मात्र भरू नका. रेतीत पाणी साचतं आणि ते खालच्या मातीलाच पाजलं जातं.

बाईंच्या घरी त्यानंतर मोटर बदलावी लागली नाही. सेन्सर जोडले, जोर कमी केला. वर्षातून दोनदा, मेअखेर आणि सप्टेंबरअखेर, मी दातांची फट मोजून येतो.

आता आपल्या शाळेचं. इथून रोज शेकडो लेकरं जातात-येतात. जोर वाढवलेलं, सेन्सर तोडलेलं गेट मी इथे उभं राहू देणार नाही. आणि ते तसं होऊ नये म्हणूनच खड्ड्याचे पैसे आहेत. माझं म्हणणं असं. या जानेवारी-फेब्रुवारीत पाया आणि बीम करू. गच्चीचं पाणी मागच्या नालीत नेऊ. मग एक आख्खा पावसाळा खांब नुसते उभे राहू देऊ. खांबांवर खुणा करून मी मे आणि सप्टेंबरमध्ये मोजीन. ते हलले नाहीत, तरच दिवाळीनंतर गेट आणि मोटर. शेजारी माणसाला जाण्यापुरतं छोटं दार, त्याला मोटर नाही. शाळा भरताना आणि सुटताना गेट पूर्ण उघडं राहील, रिमोटला कुणी हात लावायचा नाही. मोटर सोडवायच्या दोन चाव्या, एक ऑफिसात, एक शिपायांकडे. दर जूनमध्ये शिपायांनी ती चावी लावून गेट एकदा हातानं उघडून पाहायचं.

मला माहीत आहे, उद्घाटन याच वर्षी व्हावं अशी काहींची इच्छा आहे. देणगीदारांच्या नावांची पाटीही तयार होते आहे. पण आपल्या पैशातला मोठा वाटा जिथे जाणार, तिथे पाटी लावता येत नाही. साडेअकरा फूट खाली कोण वाचणार? तरी तो वाटा तिथेच जाऊ द्या, एवढी हात जोडून विनंती. पाटी वर्षभरानं लागेल. मजुरी मी घेणार नाही, पण घाईही करणार नाही.

आणि ज्यांच्या घरी अशी गेटं आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर एकच करा. ती चावी कुठे आहे ते शोधा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा.

बाईंच्या घरची चावी आता दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली आहे. मी गेलो की आधी ती जागेवर आहे ना ते पाहतो. बाई आणि काका दोघंही आज पुढच्या रांगेत बसले आहेत. बाई, आठवीचा तो धडा मला पाठ व्हायला पंचवीस वर्षं लागली. उशिरा आलो, पण या शाळेत मी तसाही उशिराच यायचो.