घरातील इंटरनेट मंद का चालते?



चाकण बाजारातील कांद्याचे भाव, हवामानाचा अंदाज व मुलांचा अभ्यास आता घरच्या इंटरनेटवर होतो. वेग कमी पडला, की बरेच जण महागडा प्लॅन घेतात. त्याआधी दोष शोधावा. ठिबकच्या शेवटच्या ओळीला पाणी कमी आले, तर आपण आधी मुख्य नळीतील दाब पाहतो. तसेच येथे करावे.

प्रथम इतर उपकरणे बंद ठेवून लॅपटॉप केबलने राउटरला जोडावा. सकाळी व रात्री वेग मोजून लिहून ठेवावा. येथेच वेग कमी असेल, तर नोंदी दाखवून कंपनीकडे तक्रार करावी.

केबलवर वेग पुरेसा, पण मोबाइलवर कमी असेल, तर दोष वाय-फायमध्ये आहे. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. लोखंडी कपाट, पत्रा व जाड भिंती लहरी अडवतात. जवळ ५ गिगाहर्ट्झ, तर लांबच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झ वापरावे.

कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या चाळीत अनेक राउटर शेजारी-शेजारी असतात. तेथे २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडावा.

दोष सापडल्यावरच खर्च करावा.