पहाट मामा तलावाकाठची
उन्हाळ्यात किशोरवयीन मुलांना नुसते फिरायला नेण्यापेक्षा त्यांच्यासोबत एखादे खरे काम करावे. आपल्या भंडारा जिल्ह्यात ते काम म्हणजे पक्ष्यांची नोंद. कोहळी समाजाने बांधलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव मे महिन्यात आटतात आणि उरलेल्या पाण्याभोवती पक्षी एकवटतात, म्हणून नवख्यालाही ते सहज दिसतात. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला सारस महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे. जूनमधल्या त्याच्या गणनेत स्वयंसेवकही असतात. पारा 45 अंशांवर जातो, हे खरे. पण पक्षी दिसतात ते पहाटे. मुले मोबाइल सोडत नाहीत? सोडू नयेच. ई-बर्ड या पक्षीनोंदीच्या ॲपवर नोंद त्यांनी करावी, मोजणी आईबाबांनी. सारसाची जोडी मात्र दुरूनच पाहावी, तिच्यामागे भाताच्या बांधीत उतरू नये.