ज्याच्या खिशाला चाट, त्याच्या हाती लेखणी



पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील श्रमिक पूर्वजांचा शोध : साधने व पद्धती’. हे शीर्षक वाचूनही आपण आलात, म्हणजे एक तर आपण फार अभ्यासू आहात, नाहीतर उद्याच्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी आजपासूनच खुर्ची धरून बसलात. (हशा) दोन्ही परींनी आपलं स्वागत.

व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली गेली. मधल्या गिरण्या, रेल्वे, धूर, डिकन्स हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. शाळेत झालंय, मी त्यात वेळ घालवत नाही. मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. गरीब माणूस स्वतःबद्दल काही लिहून ठेवत नाही. त्याला सवड नसते, पुष्कळदा अक्षरओळख नसते. त्याच्याबद्दल लिहितं कोण? त्याच्यापायी ज्याला पैसे मोजावे लागतात, किंवा ज्याला पैसे मिळतात. म्हणून जुना कागद हाती आला की ‘यात काय लिहिलंय’ हे नंतर बघा. आधी विचारा, यात कुणाचे पैसे अडकलेत? माझ्या घरची मंडळी या वाक्याला कंटाळलीत. तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय, तेव्हा तासभर तरी सहन कराल.

आता पद्धतशीर सुरुवात करतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ला. रजिस्ट्रारला पगार नव्हता, नोंदीमागे पैसे होते. पहिल्या वीस नोंदींना प्रत्येकी अडीच शिलिंग, पुढच्या प्रत्येक नोंदीला एक शिलिंग. त्यामुळे हा गृहस्थ गल्लीबोळांत बाळंतिणी शोधत हिंडायचा. बाळ कुणाचं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं, नोंद आपल्या वहीत झाली पाहिजे! पुढे १८७४च्या कायद्याने जबाबदारी आईबापांवर टाकली आणि न कळवल्यास दंड ठेवला. बेचाळीस दिवसांची मुदत होती. मुदत चुकली की आई काय करायची? पुष्कळदा जन्मतारीखच पुढे सरकवायची. तेव्हा दाखल्यावरच्या तारखेवर प्राण टाकू नका.

दुसरं साधन जनगणना. दर दहा वर्षांनी. नावानिशी पहिली जनगणना १८४१ची. तिच्यात पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचच्या पटीत खाली आणायची अशी सूचना होती. एकोणचाळिशीची बाई कागदोपत्री पस्तीस. आपल्याकडे हे सूचनेशिवायही होतं. (हशा) १८५१पासून खरं वय, नातं आणि जन्मगाव मिळायला लागतं. पण बायकांचा धंदा? तो रकाना पुष्कळदा कोरा. धुणी धुणारी, काडेपेट्या चिकटवणारी, शिलाई करणारी, सगळ्या कोऱ्या. कारण ते काम अधूनमधून होतं, घरातून होतं, आणि त्याचे पैसे कुठल्याच वहीत चढत नव्हते. माझं वाक्य मी पुन्हा म्हणत नाही, तुमच्या चेहऱ्यांवरून ते लक्षात आलंय असं दिसतं.

आता तिसरं साधन. इथेच खरा खजिना आहे, आणि इथेच सगळे नाक मुरडतात. वर्कहाऊस.

१८३४च्या नव्या गरिबांच्या कायद्याने गावोगावच्या पॅरिशांचे, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दींचे, संघ केले, त्यांवर पालक मंडळं बसवली आणि मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये या, असं धोरण ठेवलं. आत गेलं की नवरा एका वॉर्डात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. अंगावरचे कपडे काढून घ्यायचे, अंघोळ घालायची, संस्थेचे कपडे द्यायचे. खर्च करदात्यांच्या माथी. म्हणून नोंद चोख! मी तुम्हाला या प्रवेशाच्या रजिस्टरातले रकाने सांगतो. तारीख, नाव, व्यवसाय, धर्मपंथ, जन्मसाल, आहाराचा वर्ग. आणि एक रकाना असा : ‘दाखल झाल्यावरचं पुढचं जेवण’. माणूस सोडून जाताना त्याच्या जोडीचा रकाना : ‘जाण्यापूर्वीचं शेवटचं जेवण’. सकाळची पेज की दुपारचं जेवण की संध्याकाळचं खाणं, हे का लिहायचं? किती ताटं लागली याचा हिशेब जुळला पाहिजे म्हणून. तुमच्या पणजोबांनी अमुक दिवशी कुठलं जेवण घेतलं, हे तुम्हाला सांगता येईल का? मला माझ्या आजोबांचं सांगता येत नाही. लंडनच्या भिकाऱ्याचं सांगता येतं!

कपड्यांचंही तसंच. १८८८च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या पूर्व भागात मेरी ॲन निकोल्स या बाईचा खून झाला... आता मागच्या रांगा एकदम सावध झाल्या. (हशा) नाही, तो खुनी कोण होता हे मी सांगणार नाही, मला त्या माणसात रस नाही. मला रस आहे तिच्या परकरात. प्रेताची ओळख पटत नव्हती. परकरावर लॅम्बेथ वर्कहाऊसचा शिक्का सापडला. माल आपला आहे, कुणी नेऊ नये, म्हणून मारलेला शिक्का. त्या शिक्क्यावरून पोलिस वर्कहाऊसपर्यंत गेले, तिथली एक बाई येऊन ओळखून गेली, मग बाप सापडला, नवरा सापडला. एका लोहाराच्या लेकीला तिचं नाव परत मिळालं ते परकर चोरीला जाऊ नये या काळजीतून.

लंडनच्याच आणखी एका वर्कहाऊसमध्ये १८९६च्या मेअखेरीला एक बाई दोन मुलांना घेऊन दाखल झाली. बाईचं नाव हॅना. जन्म १८६५चा, बाप चांभारकाम करणारा. थोडे दिवस रंगमंचावर गायची, मग आवाज गेला, मग शिवणकाम. १८८५च्या मार्चमध्ये पहिला मुलगा सिडनी, जूनमध्ये लग्न. दोन तारखा शेजारी ठेवल्या की शेजाऱ्यांनी काय म्हटलं असेल ते वेगळं शोधावं लागत नाही. धाकटा त्या वेळी सात वर्षांचा. त्याचं नाव चार्ली चॅप्लिन. (टाळ्या)

टाळ्या वाजवू नका, मला वाटेवरून भलतीकडे न्याल. मी फक्त उदाहरण म्हणून दोन मिनिटं सांगणार आहे.

या चॅप्लिनचा जन्मदाखला नाही. १८८९चा एप्रिल. कायदा आहे, दंड आहे, तरी नोंद नाही. ‘द मॅग्नेट’ नावाच्या रंगभूमीवरच्या साप्ताहिकात मे महिन्यात बातमी छापून आली, अमक्या गायिकेला गेल्या महिन्याच्या १५ तारखेला मुलगा झाला. तो स्वतः आयुष्यभर १६ तारीख सांगत राहिला. पुढे १९५२ साली अमेरिकेने त्याचा परत येण्याचा परवाना रद्द केला आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्याला विचारलं, हा माणूस मुळात आहे कोण? हेरांनी सॉमरसेट हाऊसमधल्या जन्मनोंदी चाळल्या. चॅप्लिन नाही. अमेरिकेने एक भलतंच टोपणनाव पुरवलं होतं, तेही नाही. जगातला सगळ्यांत ओळखीचा चेहरा, आणि त्याच्या जन्माचा कागद सापडेना! हे कागद २०१२ साली खुले झाले, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठं गूढ म्हणून छापून आलं. गूढ कसलं? भटक्या गायकाच्या घरी मूल झालं, कळवण्यात कुणाचा फायदा नव्हता. तोच मुलगा सात वर्षांनी पॅरिशच्या ताटात जेवायला बसला, त्या दिवसापासून त्याची नोंद आहे. हॅनवेलच्या शाळेत पाठवला, त्याची नोंद. मोठ्या भावाला ‘एक्समथ’ या शिक्षण-जहाजावर धाडलं, त्याची नोंद. बाप गाणी म्हणत आणि दारू पीत फिरतोय, त्याने मुलांसाठी आठवड्याला पंधरा शिलिंग द्यावेत असा हुकूम निघाला. त्याने दिले नाहीत, म्हणून वॉरंट. बापाचा माग मुलांनी काढला नाही, पालक मंडळाने काढला, कारण पंधरा शिलिंग मंडळाला भरावे लागत होते.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे. ‘पंधरा मिनिटे.’ मला साधनं अजून चार सांगायची आहेत! तुरुंगाची रजिस्टरं, वेड्यांची इस्पितळं, पॅरिशच्या पुरण्याच्या नोंदी, सैन्याचे निवृत्तिवेतन. तुरुंगात उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण लिहीत. कारण? पळाला तर पकडून आणायला. झालं, तुरुंग संपला. (हशा) बाकीचं छापील पुस्तिकेत येईल.

समोरच्या बाई केव्हापासून हात वर करून आहेत. त्यांचं म्हणणं, आमच्या सात पिढ्यांची नावं त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आहेत, तिथे कुणाला कसला भुर्दंड पडत होता? बाई, भुर्दंड नाही, दक्षिणा! मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, ज्याला पैसे मोजावे लागतात किंवा मिळतात. आणि मला एक सांगा, त्या वहीत यात्रेला जाणाऱ्यांचीच नावं आहेत ना? जो त्र्यंबकला कधी गेलाच नाही, ज्याला कुणी पंगतीला बसवलं नाही, तो कुठे शोधायचा? ...नाही, मी रागावलो नाही, माझा आवाजच असा आहे.

तो शोधायचा मॉरिशसला. हसू नका. व्हिक्टोरियाचीच प्रजा ती. १८३४पासून पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख मजूर हिंदुस्थानातून करारावर त्या बेटावर उतरले. मुंबईहून गेलेल्या जहाजांत कोकणातली माणसं होती, आजही तिथे मराठी बोलणारे, गणपती बसवणारे आहेत. रत्नागिरीच्या ज्या गड्याचं नाव इथल्या कुठल्या दफ्तरात नसेल, त्याची तिथे नाव, बापाचं नाव, वय, गाव, जहाज आणि क्रमांक यांसह नोंद असते. १८६०च्या दशकापासून फोटोसुद्धा काढायला लागले. प्रेमाने नव्हे! मजूर मळा सोडून भटकायला लागला तर ओळखता यावा म्हणून, त्याच्याच खिशातल्या पासावर. मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये हे सगळं दफ्तर आहे आणि वंशज तिथे जाऊन पणजोबांचा चेहरा पाहून येतात. भाड्याचे पैसे ज्याने भरले, त्याने माणसाची नोंद जपली.

आता कुणीतरी म्हणेल, किंबहुना तिसऱ्या रांगेतले सर म्हणतच आहेत, की हा फारच रूक्ष सिद्धांत झाला. माणसं काय नुसती हिशेबात जगली का? सुखदुःखाचं काय?

पाच मिनिटं उरलीत, त्यात एकच दिवस सांगतो. १८९८चा ऑगस्ट. हॅना पुन्हा वर्कहाऊसमध्ये, मुलं नॉरवुडच्या शाळेत. वर्कहाऊस हा तुरुंग नव्हता. आगाऊ सूचना दिली की बाहेर पडता यायचं, पण सगळ्या कुटुंबाने एकत्र. हॅनाने सूचना दिली. मुलांना बोलावून घेतलं गेलं, प्रत्येकाचे मूळ कपडे परत मिळाले, न इस्त्री केलेले, चुरगळलेले, आणि तिघं दरवाजातून बाहेर. नोकरी नाही, खोली नाही, काही नाही. सिडनीच्या रुमालात नऊ पेन्स बांधलेले होते. त्यांनी अर्धा पौंड काळी चेरी घेतली, केनिंग्टन पार्कात बसून खाल्ली, वर्तमानपत्राचा बोळा करून त्याला दोरी गुंडाळली आणि चेंडू खेळले. दुपारी एका कॉफीच्या दुकानात पाव, खारवलेला मासा आणि चहा, तिघांत वाटून. मग हॅना म्हणाली, चला, चहाच्या वेळेला परत पोचू. आणि तिघं परत वर्कहाऊसच्या दारात!

अधिकारी संतापले. पुन्हा अंघोळी, पुन्हा कपडे वाफेवर, पुन्हा नोंद. मुलांना शाळेत परत पाठवण्याआधी तिथे ठेवावं लागलं, त्यात आईचा सहवास आणखी मिळाला, हा वरचा नफा.

हे चॅप्लिनने १९६४च्या आत्मचरित्रात लिहिलंय. म्हाताऱ्या नटाची रंगवलेली आठवण म्हणून आपण सोडून दिली असती. पण डेव्हिड रॉबिन्सन या चरित्रकाराने रजिस्टर काढलं, तर त्यात तारीख उभी : चॅप्लिन कुटुंब, सुटका. चॅप्लिन कुटुंब, दाखल. एकाच दिवशी. कारकुनाला चेरी ठाऊक नव्हती आणि मुलाला तारीख ठाऊक नव्हती. दोन्ही जुळतात ते कारकुनाला दोनदा लिहावं लागलं म्हणून. हॅनाने कायद्याची एक फट शोधली आणि पॅरिशच्या खर्चाने मुलांसोबत एक दिवस मिळवला. सर, हे सुख त्या रूक्ष वहीतच पडलेलं आहे. ते पाहायला तिथे कुणाला भुर्दंड पडला, कुणाचं काम वाढलं, एवढं तपासावं लागतं.

महिन्याभरात हॅना केन हिलच्या वेड्यांच्या इस्पितळात गेली. तोही खर्च पॅरिशचा, तेही कागद आहेत, आणि ते मी आज उघडत नाही, कारण अध्यक्षमहोदय उठून उभे राहिलेत.

तेव्हा जाता जाता एवढंच. तुमच्यापैकी कुणाला इंग्लंडातला असो, मॉरिशसचा असो, आपला गरीब पूर्वज शोधायचा असेल तर देवाजवळ एकच मागा, की तो त्रासदायक निघो. ज्याने उसनं घेऊन बुडवलं, ज्याला पकडायला शिपाई गेला, जी बाई सकाळी सुटका मागून संध्याकाळी परत आली, ती माणसं सापडतात. जो गुपचूप राबला, वेळच्या वेळी भाडं भरलं, कुणाचं काही घेतलं नाही आणि निमूट मेला, त्याचा पत्ता लागत नाही. चांगुलपणाची पावती कुणी फाडत नाही! आपापल्या नातवंडांचा विचार करून आपण काय ते ठरवा. (हशा, टाळ्या)

प्रश्नोत्तरांना वेळ नाही असं अध्यक्ष सांगताहेत. बाहेर चहा आहे. तो कुणाच्या खर्चाने, हे विचारून ठेवा.