देवाचे फूल आणि घरची भाजी
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषणाचा मजकूर)



देवालयाचे काम आपणा सर्वांच्या सहकार्याने पुरे झाले. सभामंडपापुढे फरशी बसली, भाविकांचे पाय चिखलात पडत नाहीत, हे उत्तम झाले. गाभाऱ्यामागे अभिषेकाचे पाणी उतरते ती पट्टी मात्र अजून मातीची आहे. तिच्यावरही फरशी घालावी असे काही मंडळींचे म्हणणे आहे. तो निर्णय होण्यापूर्वी, अशा पट्टीत भाद्रपदात काय पिकते ते ध्यानात घ्यावे, एवढीच विनंती.

भाद्रपदात पाऊस सरत आलेला असतो आणि ऊन पुन्हा तापू लागते. खाली ओल, वर ऊब. वेलवर्गाला याहून सोयीचा काळ नाही. ऋषिपंचमीची भाजी याच दिवसांतली. बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी खायचे नाही, म्हणून अळू, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, माठ हे सारे परसातले. परसातल्या चार वेलांना सातबाऱ्यावर रकाना नसतो, पण सणाचे ताट त्यांच्यावरच भरते. आणि त्याच मातीत देवाचेही भागते. जास्वंद, गोकर्ण, दूर्वा, तुळस गणपतीच्या दिवसांत हाताशी असतात. अनेक घरी तेरड्याची रोपे मुळासकट आणून त्यांचीच गौर बसवतात. भेंडी आणि जास्वंद तर एकाच कुळातली. दोन्ही फुले शेजारी धरून पाहावीत.

वेल फुलतो पण फळ धरत नाही, ही तक्रार घरोघर ऐकू येते. त्याचे कारण बहुधा सोपे असते. भोपळावर्गीय वेलांवर नर आणि मादी फुले वेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, नर फूल नुसत्या देठावर असते. झड लागली की मधमाश्या फिरत नाहीत, परागकण पोचत नाहीत, आणि ते इवले फळ पिवळे पडून गळते. अशा वेळी ताजे नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचा मधला भाग मादी फुलाच्या मध्यभागी हळुवार टेकवावा. वेळ मात्र सांभाळली पाहिजे. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, म्हणजे काकडआरतीला येणाऱ्याने ते काम उरकावे. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, ते सांजआरतीवाल्यांकडे. पडवळाची झालरीसारखी पांढरी फुलेही अंधारतानाच उघडतात. शाळेच्या पुस्तकातील धडा मुलांना येथे हाताने करता येईल.

मुले येणार म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. देवाला चालते ते सारे पोटाला चालत नाही. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिचे बी खाल्ल्यास हृदयावर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. लाल कण्हेर आणि धोतरा हेही विषारीच. ही झाडे देवासाठी हवीत तर भाजीच्या वाफ्यापासून दूर, कुंपणाच्या आत असावीत. रंगीत पानांचे शोभेचे अळूही खाण्याच्या अळवाशेजारी लावू नये. खाण्याच्या अळूतही सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यामुळे घसा खाजतो. म्हणून चिंच घालून ते नीट शिजवतात. दुधी किंवा दोडका चिरताना तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून सबंध फळ टाकून द्यावे. पैसे गेले म्हणून कडू भाजी खपवण्याची काटकसर नको.

झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, पण हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. लाल भोपळा आणि मिरचीही अमेरिका खंडातूनच आल्या. पाहुणे आले आणि घरचे झाले! झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतील सूत्रकृमी कमी होतात, म्हणून भाजीच्या कडेने त्याची ओळ असावी.

अभिषेकाचे पाणी वापरताना दूध-साखरेचा अंश थेट बुंध्याशी जाऊ देऊ नये, मुंग्या लागतात. साधे पाणी मिसळावे. निर्माल्यातील दोरे आणि प्लास्टिक काढून बाकीचे खड्ड्यात कुजवावे. ज्यांच्या घरी पडवळाचे किंवा दोडक्याचे जुने बी राखून ठेवलेले असेल, त्यांनी मूठभर पुजाऱ्यांकडे द्यावे. पट्टी मातीची राहिली, तर आषाढ संपता संपता झेंडूची रोपे लागली पाहिजेत. तेव्हा कोठे दसऱ्याचे तोरण तिथल्याच फुलांचे होईल.