शिळे पेट्रोल



कपाशीवरची शेवटची फवारणी झाली, की पेट्रोलवर चालणारा फवारा पंप पडवीच्या कोपऱ्यात जातो. त्याच्या टाकीत अर्धा लिटर पेट्रोल तसेच राहते, आणि शेजारच्या कॅनमध्ये दोनएक लिटर. पुढच्या आषाढात पंप बाहेर निघतो. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण पंप काही बोलत नाही. मग कुणीतरी झाकण उघडून वास घेतो आणि म्हणतो, "पेट्रोल मेलंय वाटतं."

हे मेलेले पेट्रोल काय असते आणि त्याचे करायचे काय, एवढेच आज सांगणार आहे. वस्तू दोन लिटरची, पण तिच्यापायी माणसे भाजली आहेत आणि विहिरी वाया गेल्या आहेत.

दूध नासते, तेल खवट होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. पेट्रोलचेही तसेच आहे. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे. पुष्कळ हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण. त्यांतले जे हलके, ते सर्वांत आधी उडून जातात. थंड इंजिन पहिल्या दोन झटक्यांत सुरू होते ते ह्या हलक्या भागाच्या जोरावर. तो गेला की उरलेले पेट्रोल दिसायला पेट्रोलच, पण ठिणगीला लवकर दाद देत नाही. मागे जे राहते त्यातल्या काही घटकांचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो आणि राळेसारखा चिकटा तयार होतो. कार्बुरेटरमधल्या जेटचे भोक असते सुईच्या नेढ्याएवढे. ते बुजायला असा कितीसा चिकटा लागणार? पंप बंद पडला की आपण प्लगला दोष देतो, कंपनीला देतो; दोष पुष्कळदा टाकीत साचलेल्या पेट्रोलचा असतो.

हल्ली ह्यात आणखी एक गोष्ट आली आहे, आणि तिचा संबंध थेट आपल्या उसाच्या फडाशी आहे. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची कल्पना नवी नाही. त्यासाठी आपल्या देशात १९४८ साली कायदाही झाला होता. पुढे २००१ साली जे प्रायोगिक काम सुरू झाले, त्यात आपली मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. २००३ साली काही राज्यांत शेकडा पाच भाग इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये देशभर हे प्रमाण दहावर आले, आणि २०२३ पासून शेकडा वीस भागांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. हे इथेनॉल उसाच्या मळीपासून आणि रसापासून होते, तसे मका-तांदळापासूनही होते.

आता इथेनॉलचा स्वभाव असा, की त्याला पाण्याची ओढ फार. पावसाळ्यात अर्धवट भरलेला कॅन घ्या. दिवसा तापतो, रात्री निवतो. झाकण सैल असले तर निवताना बाहेरची दमट हवा आत खेचली जाते. तिच्यातले पाणी इथेनॉल धरून ठेवते. थोडे पाणी त्यात सुखाने मुरते. पण मर्यादा ओलांडली, की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडते आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते. वर इथेनॉल गेलेले पेट्रोल आणि खाली पाणी व अल्कोहोल, असे दोन थर होतात. टाकीतून इंजिनकडे जाणारी नळी निघते ती तळातून, म्हणजे इंजिनच्या वाट्याला पहिल्याने हा खालचा थरच येतो. ज्या उसाला आपण रात्री जागून पाणी पाजले, त्याचाच अर्क टाकीत बसून पुन्हा पाणी मागतो, असे म्हणायला हरकत नाही! असे दोन थर झालेले पेट्रोल ढवळून सुधारत नाही. ताजे ओतूनही त्याचा भरवसा धरता येत नाही.

मग ओळखायचे कसे? उघड्यावर, चुलीपासून आणि विडीपासून लांब, एका स्वच्छ काचेच्या बरणीत थोडे काढावे आणि उजेडाकडे धरून पाहावे. ताज्या पेट्रोलशेजारी ते काळपट दिसते का? नेहमीच्या झणझणीत वासाऐवजी आंबूस, व्हार्निशसारखा वास येतो का? तळाशी वेगळा थर, गढूळपणा, गंजाचे कण आहेत का? वास घ्यायचा तो बरणी जरा दूर धरून, हाताने हवा नाकाकडे आणून. नाक आत खुपसायचे नाही.

पेट्रोल तीन-चार महिन्यांचे आहे, झाकण घट्ट होते, रंग स्वच्छ आहे, थर नाही, तर ते टाकण्याचे कारण नाही. गाळणीच्या नरसाळ्यातून गाळावे आणि मोटारसायकलच्या टाकीत चार-पाच पट ताजे पेट्रोल असताना थोडे थोडे मिसळून संपवावे. दोन पंपांच्या बाबतीत मात्र सांभाळा. फवारा पंपासाठी ऑइल मिसळलेले पेट्रोल असेल, तर ते तसल्याच पंपात ताज्या मिश्रणाबरोबर संपवायचे. आणि डिझेलच्या ट्रॅक्टरमध्ये किंवा डिझेलच्या इंजिनात शिळे काय, ताजे पेट्रोलसुद्धा थेंबभर घालायचे नाही. डिझेलच्या अंगच्या वंगणावर तिथला इंधनपंप चालतो. पेट्रोलने ते वंगण पातळ होते, पंप झिजतो, आणि टाकीत भलतीच ज्वालाग्राही वाफ तयार होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे पेट्रोल इंजिनाला चालत नाही म्हणजे ते निवले, मवाळ झाले, असा समज पुष्कळांचा असतो. "आता त्यात काय दम राहिलाय," म्हणून ते चूल पेटवायला, होळीवर ओतायला, पाचट जाळायला, नाहीतर रॉकेलमध्ये मिसळून स्टोव्हमध्ये घालायला काढले जाते. मंडळी, हा समज जिवावरचा आहे. रॉकेलची वाफ पेट घेण्याजोगी व्हायला ते निदान पस्तीस अंशांपर्यंत तापावे लागते. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीतही पेट्रोल सदैव वाफ सोडत असते. शिळे झाल्यावर ही वाफ थोडी कमी होते, इंजिनाला अपुरी पडते. माणसाला जाळायला ती पुरून उरते. रॉकेलमध्ये थोडेसे पेट्रोल गेले तरी त्या रॉकेलचा धर्म बदलतो. स्टोव्हची टाकी तापते, आत वाफ दाटते, आणि भडका उडतो तो समोर बसलेल्या बाईच्या अंगावर.

आणखी एक. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीवरून पाण्यासारखी सरकते, उंबऱ्यावरून उतरते, खड्ड्यात साचते. पडवीत परातीत ओतून ठेवले, की आपोआप उडून जाईल, हा उपाय म्हणूनच वाईट. वाफ उतरत उतरत माजघरातल्या चुलीपर्यंत जाते आणि आग उलट चालत परातीपर्यंत येते.

शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात दाखवता येईल, अर्थात पेट्रोलला हात न लावता. उंच भांड्यात खायचा सोडा घ्यावा, त्यावर लिंबाचा रस पिळावा. फेस बसला की रस सांडू न देता भांडे नुसते कलते करून, खाली पेटवलेल्या मेणबत्तीवर त्यातली 'हवा' ओतावी. मेणबत्ती विझते. डोळ्यांना काही दिसले नाही, पण जड वायू खाली वाहत गेला, हे मुलांना कळते. तो वायू ज्योत विझवतो. पेट्रोलची वाफ पेट घेते, एवढा फरक मात्र मुलांना बजावून सांगावा.

पेट्रोलला आग लागलीच तर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पसरवते. कोरडी माती किंवा वाळू टाकावी. माणसाच्या अंगाला आग लागली तर त्याला पळू देऊ नये, जमिनीवर लोळवावे, जाड घोंगडीने गुंडाळून विझवावे. मग भाजलेल्या जागेवर वीसेक मिनिटे साधे गार पाणी सोडावे आणि दवाखाना गाठावा.

आता दुसरा मार्ग लोक काढतात तो म्हणजे नाल्यात, उकिरड्यावर किंवा बांधावर ओतून देणे. इथे थोडा हिशेब करू. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचा द्रव शेकडा एक भागापर्यंत असण्याची परवानगी आहे. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे एका ग्रॅमच्या लाखाव्या भागापेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक लिटर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त दहा मिलिलिटर बेंझीन, वजनाने सुमारे पावणेनऊ ग्रॅम. म्हणजे पावणेनऊ लाख लिटर पाण्याला ते ह्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते भरते सुमारे एक लाख चाळीस हजार लिटर. अशा सहा विहिरी झाल्या! हा कागदावरचा हिशेब आहे हे खरे. ओतलेल्यातले बरेचसे उडून जाईल, सगळे विहिरीपर्यंत जाणार नाही. पण विहिरीच्या काठावर ओतणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. सातवीच्या मुलांना तो सहज जमेल.

मग खराब पेट्रोल द्यायचे कुठे? खरे सांगायचे तर बहुतेक खेड्यांत त्याला खिडकी नाही. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत घरगुती घातक कचरा असा वेगळा प्रकार सांगितला गेला: रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, मुदत संपलेली औषधे वगैरे. तालुक्याच्या नगरपालिकेकडे असा कचरा वेगळा घेतात का, ते विचारावे. आपल्या राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे कारखान्यांच्या घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रे आहेत. दोन लिटर घेऊन तिथे कुणी जाणार नाही, पण ग्रामपंचायतीने वर्षातून एकदा गावातले सगळे जमवून नगरपालिकेमार्फत किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून पाठवण्याची सोय करायला काय हरकत आहे? ग्रामसभेत विचारण्यासारखा हा प्रश्न आहे. तोपर्यंत घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, "खराब पेट्रोल" असे ठळक लिहून, घरापासून वेगळ्या सावलीच्या जागी ते ठेवावे. गॅरेजमधल्या जळक्या ऑइलच्या पिंपात मात्र ओतू नये. ते पिंप मग पेट्रोलइतकेच धोक्याचे होते.

पेट्रोल ठेवण्याचाही कायदा आहे, १९३४ सालचा. विक्रीसाठी नसेल तर तीस लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते. भांडे घट्ट बुचाचे, काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचे असेल तर पंचवीस लिटरपर्यंतचे. थंड पेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे नाव त्यात नाही. माझ्या मते आपल्याला तीसही नकोत. महिन्याभरात लागेल तेवढेच आणावे, डब्यावर तारीख टाकावी, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून पंप आपोआप बंद पडेपर्यंत चालवावा, म्हणजे कार्बुरेटरही कोरडा होतो.

टाकी रिकामी करताना नळी तोंडाने ओढण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती सोडा, दहा-वीस रुपयांत हातपंपाची नळी मिळत नसेल, पण थोड्या जास्त पैशांत नक्की मिळते. पेट्रोल पोटापेक्षा फुप्फुसात गेले तर अधिक घात करते. कुणी चुकून प्यायले, विशेषतः बाटली पाहून लहान मूल प्यायले, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका. ओकताना ते फुप्फुसात उतरते. दूध, ताक काही पाजू नका. कपडे भिजले असतील तर बदला, मुलाला बसते ठेवा, खोकला दिसो वा न दिसो तडक दवाखान्यात न्या, आणि ती बाटलीही बरोबर घ्या, म्हणजे पोटात काय गेले ते डॉक्टरांना विचारत बसावे लागणार नाही.