दारी आलेले ताट
(पंचायत सदस्य, शिक्षक व सामाजिक कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उपासमार हा शब्द उच्चारला की दुष्काळ, कोरडी विहीर आणि रिकामी कणगी यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु कणगीत धान्य असतानाही माणूस उपाशी राहू शकतो, ह्या गोष्टीकडे समाजाचे लक्ष क्वचितच जाते. सत्तरी ओलांडलेली एखादी वृद्धा घरात एकटी असते. डब्यात ज्वारीचे पीठ असते, फडताळात डाळ असते. पण गुडघे साथ देत नाहीत, चुलीपुढे बसले तर उठवत नाही आणि पाण्याची घागर उचलत नाही. सकाळी कशीबशी एक भाकरी थापायची, तिचा अर्धा भाग चटणीशी खायचा आणि उरलेला अर्धा संध्याकाळी चहात बुडवून दिवस संपवायचा, असा तिचा क्रम ठरून जातो. ह्या उपासाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. ती स्वतःही तक्रार करीत नाही. कोणी विचारलेच तर “जेवले की” असे म्हणून मोकळी होते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळपास पोहोचले होते. त्यानंतर ही संख्या वाढतच गेली आहे. आयुर्मान वाढले हे आरोग्यसेवेचे यश होय. मात्र लाभलेली ही वर्षे पोटभर अन्नावाचून जाणार असतील, तर त्या यशाला उणेपणा येतो.

अन्न आणि वार्धक्य

वृद्धांना थोडे खाल्ले तरी चालते, हा सार्वत्रिक समज अर्धसत्य आहे. श्रम कमी झाल्यामुळे त्यांची उष्मांकांची गरज काहीशी घटते. परंतु प्रथिने, चुना आणि जीवनसत्त्वे यांची गरज घटत नाही. दात गेल्यामुळे डाळी-उसळी व कच्च्या भाज्या टाळल्या जातात. चव आणि वास मंदावल्यामुळे अन्नावरील वासना उडते. तहान कमी लागत असल्यामुळे पाणी कमी प्यायले जाते. ह्या सर्वांवर कडी करणारी गोष्ट म्हणजे एकटेपणा. एकट्यासाठी स्वयंपाक करावा असे कोणालाच वाटत नाही. परिणामी स्नायूंची झीज होते, तोल जातो, माणूस पडतो, हाड मोडते आणि जो घरात कसाबसा हिंडत होता तो कायमचा अंथरुणाला खिळतो. रोजच्या एका सकस ताटाने ह्या घसरणीला बऱ्याच अंशी आळा बसू शकतो.

चाकांवरील भोजनाचा उगम

हे ताट घरपोच नेण्याची पद्धती प्रथम युद्धकाळात इंग्लंडमध्ये रूढ झाली. तेथील महिला स्वयंसेवी सेवा ही संघटना लेडी रेडिंग यांनी १९३८ साली उभारली होती. ह्या बाई विवाहापूर्वी व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांच्या कार्यकाळात दिल्लीत व्हाइसरॉयच्या पत्नीच्या चिटणीस म्हणून काम करीत होत्या, हा भारतीयांच्या दृष्टीने एक लक्षणीय योगायोग. बाँबहल्ल्यांत घरे आणि स्वयंपाकघरे उद्ध्वस्त झाली, कर्ते पुरुष व स्त्रिया युद्धकार्यात गुंतल्या आणि वृद्ध मागे राहिले. अशा वेळी, १९४३ च्या सुमारास, ह्या संघटनेच्या स्त्रियांनी शिजवलेले अन्न घरोघर पोहोचविण्यास प्रारंभ केला. युद्ध संपले तरी गरज संपली नाही. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने अशा स्वयंसेवी संस्थांना अर्थसाहाय्य देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला आणि १९६२ च्या दुरुस्तीने त्या स्वतःही ही सेवा चालवू लागल्या. अमेरिकेत १९५४ साली फिलाडेल्फिया शहरात असाच उपक्रम सुरू झाला.

चाकांच्या खुर्चीतून उभे राहिलेले कार्य

ह्याच सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियात डोरिस टेलर ह्या बाईंनी जे कार्य उभारले, ते विशेष मननीय आहे. त्यांचा जन्म १९०१ सालचा. बालपणी पडल्यामुळे झालेली इजा आणि पुढे जडलेला संधिवात यांमुळे त्यांचे आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेले. परावलंबन म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. केवळ रोज जेवण करून घालणारे कोणी नाही, एवढ्याच कारणासाठी धडधाकट मनाच्या वृद्धांना स्वतःचे घर सोडून संस्थेत दाखल व्हावे लागते, ही गोष्ट त्यांना डाचत होती. १९५३ साली त्यांनी संस्थेची स्थापना केली आणि ९ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्ट ॲडलेड येथील स्वयंपाकघरातून पहिली ताटे बाहेर पडली. स्वयंसेवक होते ११ आणि जेवणारे वृद्ध होते ८. आरंभ असा लहान होता. पण त्यातून राज्यभर स्वयंपाकघरांचे जाळे पसरले. टेलरबाई १९६८ साली निवर्तल्या. त्यांनी सुरू केलेली सेवा अद्यापि चालू आहे.

त्यांच्या योजनेतील एक तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. जेवणारा ताटाचे अल्प मूल्य देतो. त्यामुळे तो याचक ठरत नाही. “मीठ कमी पडले” असे म्हणण्याचा त्याचा अधिकार शाबूत राहतो. आयुष्यभर कष्ट करून खाल्लेल्या माणसाला फुकटच्या घासापेक्षा हा अधिकार मोलाचा वाटतो.

कार्यपद्धती

अशा सेवेची रचना साधी असते. एका मध्यवर्ती स्वयंपाकघरात सकाळी अन्न शिजते. स्वयंसेवक सामान्यतः जोडीने निघतात. एकाने वाहन सांभाळावयाचे, दुसऱ्याने ताट आत नेऊन द्यावयाचे. प्रत्येक जोडीकडे मोजकीच घरे सोपविली जातात, कारण फेरी लांबली की अन्न निवते. शिजलेले अन्न साठ अंशांहून अधिक उष्ण राहिले पाहिजे. कोमट अन्नात जंतूंची वाढ झपाट्याने होते आणि वृद्ध शरीराला ती सोसत नाही. मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण व दात नसलेले यांच्यासाठी डब्यावर वेगळी खूण असते. अमेरिकेतील शासकीय साहाय्य घेणाऱ्या योजनांत एका ताटातून दिवसाच्या पोषणगरजेचा किमान एक-तृतीयांश भाग मिळावा, असा दंडक आहे.

तथापि ह्या सेवेचे खरे मर्म डब्यात नसून दारात आहे. रोज ठरावीक वेळी कोणीतरी दार ठोठावतो, नाव घेऊन हाक मारतो, दोन शब्द बोलतो. कालचे ताट तसेच पडले आहे काय, हाताला कंप सुटला आहे काय, बोलणे अडखळते आहे काय, हे त्याच्या ध्यानात येते. दार उघडले नाही, तर ताट उंबऱ्यावर ठेवून निघून जावयाचे नाही. शेजाऱ्यास विचारावयाचे, नातलगांस कळवावयाचे, असा नियम असतो. न्हाणीघरात पडलेल्या वृद्धाच्या बाबतीत दुपारी कळणे आणि तीन दिवसांनी कळणे, यांत जीवन-मरणाचे अंतर असते.

ह्या सेवेचा इतिहास सर्वस्वी यशाचा नाही. इंग्लंडमध्ये २०१० नंतरच्या दशकात आर्थिक काटकसरीपायी अनेक स्थानिक संस्थांनी ती आटोपती घेतली अथवा बंद केली. केवळ अनुदानावर उभी असलेली सेवा अनुदानाबरोबर कोसळते आणि केवळ उत्साहावर उभी असलेली सेवा कार्यकर्ते थकले की थांबते. लोकांचे हात आणि स्थानिक संस्थेचा आधार, ही दोन्ही चाके असली तरच गाडी चालते.

महाराष्ट्रातील वस्तुस्थिती

महाराष्ट्राला अन्न वाहून नेण्याची विद्या नवी नाही. मुंबईचे डबेवाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते काम बिनचूक करीत आले आहेत. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियांचे संघटन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने केले. रांधणारे हात आणि पोहोचविणारे पाय येथे आहेतच. ते वृद्धाच्या दाराकडे वळविण्याचा प्रश्न आहे.

तो प्रश्न शहरांपुरता मर्यादित नाही. दसरा-दिवाळी उलटली की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी मजुरांची बिऱ्हाडे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि पाच-सहा महिने अनेक वस्त्यांत म्हातारी माणसे तेवढी मागे राहतात. आजी-आजोबांजवळ राहिलेल्या शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहांतून जेवणाची सोय करण्यात आली, ही समाधानाची गोष्ट होय. पण नातवाचे ताट वाढले जात असताना त्याच घरातील आजी काय खाते, हे विचारणे कोणाच्या कामाच्या यादीत असते?

कायद्याची बाजू रिती नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीच्या २००७ च्या कायद्याने निर्वाहाच्या व्याख्येत अन्नाचा स्पष्ट समावेश केला. २००० साली सुरू झालेल्या अन्नपूर्णा योजनेने निराधार वृद्धांना दरमहा १० किलो धान्य विनामूल्य देण्याची तरतूद केली. परंतु धान्य म्हणजे जेवण नव्हे. दहा किलो गहू आणि हातावरची गरम पोळी यांच्यामध्ये दळण, सरपण, पाणी आणि दोन सशक्त हात असतात. नेमका हाच दुवा गावाने जोडावयाचा आहे.

ह्यासाठी मोठ्या इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रथम ग्रामपंचायत अधिकारी, आशा कार्यकर्ती व शिक्षक यांनी मिळून यादी करावी: गावात एकटे कोण राहते, कोणाची चूल दिवसातून किती वेळा पेटते, कोणाला उठता येत नाही. यादी बहुधा आठ-दहा नावांची निघेल. पोर्ट ॲडलेडलाही प्रारंभी आठच होती. महिला बचत गटाने मोबदला घेऊन एक वेळचे जेवण रांधावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी, अथवा परगावी असलेल्या मुलांनी, त्याचे मूल्य द्यावे. ज्यांना शक्य नाही त्यांचा भार ग्रामपंचायत व गावातील दाते यांनी वाटून घ्यावा. यादीत दिव्यांग असतील, तर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील त्यांच्यासाठी राखून ठेवावयाच्या ५ टक्के निधीचा विनियोग नियमांच्या चौकटीत कसा करता येईल, हे तपासावे. पोहोचविण्याच्या पाळ्या तरुण मंडळांनी वाटून घ्याव्यात. गणेशोत्सवात दहा दिवस अहोरात्र राबणाऱ्या मंडळाला आठवड्यातून एक दुपार जड नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. ताट देताना छायाचित्र काढू नये आणि नावांचा फलक लावू नये. जिने आयुष्यभर दारी आलेल्याला भाकरी दिली, तिच्या दारी आज भाकरी येते आहे. तो उपकार म्हणून आली तर तिच्या घशाखाली उतरणार नाही.

आपल्या घरांत जेवावयास बसण्यापूर्वी दारात डोकावून कोणी उपाशी तर नाही ना, हे पाहण्याची चाल होती. दारे बंद झाली, माणसे पांगली आणि ती चाल मागे पडली. आता उपाशी माणूस दारात येऊ शकत नाही, कारण तो स्वतःच दाराआड अडकला आहे. म्हणून ताटानेच उठून त्याच्या दारी गेले पाहिजे. ज्या गावातील शेवटच्या घराचे दार रोज दुपारी एकदा तरी वाजते, त्या गावातील म्हातारपण एकाकी नसते.